तुम्ही बसा, आत्याबाई

तीर्थस्वरूप आत्याबाई यांस,
गोदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली आणि आज मी पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहिते आहे. सुनेनं सासूला पत्र लिहायची वेळ आपल्यात कधी आलीच नाही. माहेरी गेले तरी चौथ्या दिवशी तुमचा सांगावा यायचा, मग पत्र लिहिणार कधी? तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण तिकडं कुणीतरी वाचून दाखवणारं असेलच की. नसलं तर मीच मोठ्यानं वाचीन.

आज सकाळी न्हाणीत मुंग्या दिसल्या, आत्याबाई.

बारीक, काळ्या. मोरीच्या दगडाला धरून रांग आली होती, आणि मी उठल्या उठल्या जिथं जाऊन आले होते नेमकी तिथं येऊन थांबली होती. मी तांब्याभर पाणी ओतलं. भाकऱ्या होईतो परत आल्या. ह्याच मुंग्या तुमच्या वेळी आल्या होत्या, आणि त्यांच्या मागोमाग काय आलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. मग आज कुणाशी बोलू? तुमच्या लेकाशी, मास्तरांशी? ते म्हणतील, गूळ सांडला असेल. शालनशी बोलायला हवं खरं, पण त्याआधी तुमच्याशी बोलायला हवं. एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. ती सांगितल्याशिवाय मला कुणाला काही शिकवायचं तोंड नाही.

शालन म्हणजे आपल्या दत्तूची बायको. तुम्ही गेलात तेव्हा दत्तू दप्तर विसरून शाळेला जायचा. आता तो बापासारखाच मास्तर झालाय, आणि गेल्या वैशाखात त्याचं लग्न झालं. पोरगी गुणाची आहे. इतकी गुणाची आहे की मला तिची भीती वाटते.

का ते कळायला तुम्हाला आपल्या गावापासून ऐकावं लागेल. तुमचंच तुम्हाला सांगते म्हणून रागावू नका.

मी लग्न होऊन आले तेव्हा तेरा वर्षांची होते. तांबडं फुटायच्या आधी तुमचं जातं सुरू व्हायचं. पायलीभर ज्वारी दळून झाली की विहिरीच्या खेपा, मग झाडलोट, भाकऱ्या, आणि मग डोक्यावर पाटी घेऊन शेताची वाट. पाच-पाच भाकऱ्या खायच्या तुम्ही! मी तोंडात बोट घालून बघत राहायची. त्या भाकऱ्या कुठं जायच्या कुणास ठाऊक, तुमच्या अंगावर चिमटीत धरायला मांस नव्हतं. पौर्णिमेला चार कोस तुळजापूर पायी. देवळाच्या सगळ्या पायऱ्या उतरायच्या, दर्शन घ्यायचं, आणि त्याच पायऱ्या पुन्हा चढून दिवस मावळायला घरी. मी मागं राहायची. तुम्ही वळूनही न बघता म्हणायच्या, "पाय उचल गोदे, पायाला मेंदी लावलीया का?"

मला तेव्हा तुमचा लई राग यायचा. आज हे लिहिताना पायांत गोळे आलेत आणि तो राग कुठं गेला ते सापडत नाही.

मग निजामाचं राज्य गेलं, गावोगाव मराठी शाळा निघाल्या आणि तुमच्या लेकाला मास्तरकी मिळाली. पहिली वर्षं आसपासच्या गावांत गेली. मग भूमला बदली झाली. मामंजी तोवर गेले होते, तेव्हा तुम्हाला मागं ठेवायचा प्रश्नच नव्हता. आठवतं, गाडी भरताना तुम्ही काय केलंत? भांड्यांच्या आधी जातं चढवलंत. मास्तर म्हणाले, अगं आई, भूमला पिठाची गिरणी आहे. तुम्ही म्हणालात, गिरणीचं पीठ पोळलेलं असतं, त्याची भाकरी मी तोंडात घालायची नाही. आणि जात्यावर हात ठेवून गाडीत बसलात.

भूमचं हे घर तुम्हाला पहिल्यापासून अडचणीचं वाटलं. दोन खोल्या, पुढं रस्त्याला लागून ओटा, मागं चार घरांत मिळून एक आड. शेत नाही, शेण नाही. आळीच्या तोंडाशी गिरणी, सकाळी नऊला तिचं पुक पुक सुरू झालं की जात्याची घरघर ऐकूसुद्धा यायची नाही. तरी तुम्ही दळत होतात.

एके दिवशी आडावर शेजारच्या वाणीणबाईंनी मला विचारलं, "मास्तराची आई अजून दळती व्हय? अन् तू काय करतीस मग?"

चार बायका हसल्या. बाई काही वाईट नव्हत्या, सहज बोलल्या. पण माझ्या अंगाची लाही झाली. आपल्यात सुनेची परीक्षा दुसरी कुठली असते? सासू चुलीपासून किती लांब बसते, तेवढी सून चांगली. मी घागर तशीच ओसंडत घरी आणली आणि तुमच्या हातातला खुंटा धरला. "तुम्ही बसा, आत्याबाई," म्हटलं. पहिल्यांदा म्हटलं ते त्या दिवशी.

तुम्ही कसल्या बसताय! दुसऱ्या दिवशी माझ्या आधी उठून जात्याशी. मी घागर घेतली की तुम्ही कळशी घ्यायच्या. केरसुणी माझ्या हातात आणि सूप तुमच्या. आठ दिवस आपली ओढाताण चालली. मग तुम्ही देवळात गेलेल्या बघून मी जात्याचा खुंटा उपसला आणि लपवला.

हो, मीच. हरवला नव्हता तो.

तुम्ही घर पालथं घातलंत. माळा बघितला, सरपण उचकलं, अंथरुणं झटकली. शेवटी खापर फोडलंत वाणीणबाईंच्या शेळीवर. म्हणे शेळीनं खाल्ला! बाभळीचा हातभर खुंटा शेळी खाईल का हो? मी पदर तोंडाला लावून हसत होते. मास्तर म्हणाले, सुताराकडून नवा करून घेऊ. मी म्हटलं, मी सांगते सुताराला. सांगितलं नाही. तुम्ही महिनाभर विचारलंत, मग पंधरवड्यानं, मग विचारायचं सोडलंत. त्या दिवशी मला वाटलं, आपण जिंकलो.

ओट्यावर मी तुमच्यासाठी पोत्याची घडी अंथरली. जुन्या लुगड्याचा तक्क्या शिवला, त्यात नवा कापूस भरला. सकाळी तुम्ही भिंतीला टेकून बसायच्या, ऊन आलं की दुसऱ्या खांबाकडं सरकायच्या, संध्याकाळी परत पहिल्या खांबाकडं. तेवढंच तुमचं चालणं. वाणीणबाईंकडून साखरेच्या चहाची चटक लागली होती. सकाळी एक कप, दुपारी एक, पाहुणा आला की आणखी एक. आणि ताटात भाकऱ्या मात्र गावाकडच्याच होत्या. मी मोजून पाच करायची, तुमची एक कमी झाली तर लोक म्हणतील सून उपाशी ठेवते. काम गेलं होतं आणि भाकरी तशीच होती. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात का आली नसेल?

तुमचं अंग भरलं. गाल वर आले. पाटल्या मनगटात रुतायला लागल्या, त्या सोनारानं कापून काढल्या. ज्यांनी ज्यांनी बघितलं ते म्हणाले, मास्तराच्या आईला सुख मानवलं. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पण तुम्हालाही ते आवडत होतं हं, आत्याबाई! आता खोटं बोलू नका. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला थांबवून तुम्ही सांगायच्या, "आमची गोदा मला हालू देत न्हाय. लई केलं जन्मभर, आता बसून खाती." एरवी भाजीत मीठ जास्त झालं तर आळी गोळा करणाऱ्या तुम्ही! माझ्यावर ओरडला का नाहीत? माझ्या झिंज्या धरून खुंटा मागितला असता तर मी दिला असता. तुम्ही गोड बोलून माझं वाटोळं केलंत, आणि मी गोड बोलून तुमचं.

पहिली धोक्याची खूण तुळजापूरला दिसली होती. दोन वर्षांनी आपण आईच्या दर्शनाला गेलो ते एस.टी.नं. पायी जायच्या त्या तुम्ही, खिडकीशी बसून वाटेतली गावं नावानं ओळखत होतात. पायऱ्या उतरायला लागलो आणि मध्येच तुम्ही मटकन खाली बसलात. मला वाटलं, पाय घसरला. तुम्ही वर बघितलंत, खाली बघितलंत. दर्शन झालं, पण वर येताना मास्तरांनी एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरलं. दर चार पायऱ्यांना थांबत होतो. फुलं विकणारी एक म्हातारी, तुमच्याहून दहा वर्षांनी मोठी, टोपली घेऊन आपल्या शेजारून वर गेली. मी तिला बघितलं होतं. पण मनाशी म्हटलं, बिचारीला सून नसेल.

मग तहान लागली. तांब्या पुरेना म्हणून मी कळशी तुमच्या उशाशी ठेवली. दुपारपर्यंत ती रिकामी व्हायची. उन्हाळा आहे, म्हटलं. पावसाळा आला, तहान तशीच. ज्वारीतले खडे तुम्हाला दिसेनात. कुठं खरचटलं तर महिना महिना बरं होईना. आणि मग मुंग्या आल्या.

वाणीणबाई म्हणाल्या, मुंग्या येणं चांगलं असतं, घरात बरकत येते. तुम्ही स्वतः हसून म्हणालात, "येऊ दे. त्यास्नी आपलं घर गोड लागलं." आणि वाटीभर पीठ त्यांच्यापुढं टाकायला लावलंत. मुंगीला पीठ घातलं की पुण्य लागतं ना! मी पीठ टाकलं. त्यांनी पिठाला तोंड लावलं नाही. पिठाला वळसा घालून त्या मोरीकडं गेल्या. ते मी बघितलं होतं, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मग मी हळदीची रेघ ओढली. दोन दिवस थांबल्या, तिसऱ्या दिवशी रेघेवरून गेल्या.

तरी तुमच्या पायांनी एकदा बंड केलंच की! एका दुपारी मी दळण घेऊन गिरणीत गेले होते. परत येते तर ओटा रिकामा. आळीत नाही, देवळात नाही. शेवटी ओढ्याच्या बाजूला तुम्ही दिसलात, अनवाणी, पदरात बाभळीच्या काटक्या गोळा करताना. केवढ्या खुशीत होतात! घाम आला होता, आणि पुष्कळ दिवसांनी चेहऱ्यावर तकाकी होती. मी काय केलं? पदरातल्या काटक्या सांडून टाकल्या आणि दंडाला धरून घरी आणलं. लोक काय म्हणतील, म्हटलं. तुम्ही वाटभर एवढंच म्हणालात, "पाय मोकळं कराया गेल्ते गं."

त्या वाटेवर काटा मोडला होता. तुम्हाला कळलं नाही.

आठ दिवसांनी दिवाळीचा पाडवा होता. सणाला मी तुमचे पाय धुवायची. डाव्या टाचेवर काळा ठिपका दिसला. दाबला तर पू आला, आणि पुवातून बोटाच्या पेराएवढा बाभळीचा काटा. मी तो ओढून काढला. तुम्ही वाणीणबाईंशी त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाचं बोलत होतात. बोलणं तुटलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघून म्हणालात, "झालं व्हय धुऊन?"

पायात काटा मोडला तर अख्खं रान डोक्यावर घेणाऱ्या तुम्ही! तो पाय तुमचा राहिलाच नव्हता.

बार्शीला नेलं तेव्हा टाच काळी पडली होती. डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात तुमच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. पाणी हिरवं झालं. मग पिवळं. मग बघता बघता विटेच्या रंगाचं झालं. तुम्ही म्हणालात, रंग चांगला आलाय.

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि मला विचारलं, "दिवसभर काय करतात ह्या?"

मी मान ताठ केली. दहा गावांत सांगितली असती अशी गोष्ट होती ती. म्हटलं, "काही नाही, डॉक्टरसाहेब. मी त्यांना इकडची काडी तिकडं करू देत नाही."

डॉक्टर लिहायचे थांबले. मला वाटलं, आता शाबासकी देतील.

"साखरेचा आजार आहे," ते मास्तरांना म्हणाले. "खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्तातच साखर होऊन साचतं. कष्ट होते तोवर जिरत होतं. यांना बसवायला नको होतं, चालतं ठेवायला हवं होतं. आता मात्र हा पाय जमिनीला टेकवायचा नाही."

पाय गुडघ्याखाली काढावा लागेल असंही ते म्हणाले. तुम्ही ऐकत होतात. मी रडायला लागले तर तुम्ही मलाच गप्प केलंत. "तुळजापूरच्या पायऱ्या एका पायानं कशा उतरू? मला घरी न्या," म्हणालात, आणि तिथून पुढं त्या विषयावर शब्द बोलू दिला नाहीत. मास्तरांनी हात जोडले, मी पाय धरले. नाही म्हणजे नाही. सुया दिल्या होत्या, त्या टोचायला इथल्या दवाखान्यातला कंपाउंडर यायचा. पण काळं वर चढत होतं.

आता जे सांगायचं ते सांगते.

मार्गशीर्ष लागला होता. तुम्ही आतल्या खोलीत खाटेवर होतात. खाटेसमोर जातं, भोकाला चिंधी कोंबलेलं. बराच वेळ त्याच्याकडं बघत होतात. मग मला जवळ बोलावलंत.

"गोदे, पाय गेला तर जाऊ दे. हात हायेत अजून. खुंटा हुडक की. एक मूठ दळते."

खुंटा माझ्यापासून चार हातांवर होता. उठून आणून द्यायचा, एवढंच करायचं होतं. बार्शीच्या डॉक्टरांचं बोलणं मी ऐकलं होतं, माझी चूक मला कळली होती. पण तो काढून दिला असता तर इतकी वर्षं कुठं होता ते सांगावं लागलं असतं. मरणाच्या दारातल्या माणसापुढं मला माझी लाज मोठी वाटली, आत्याबाई. मी जमिनीकडं बघितलं आणि म्हटलं, "दिसला न्हाय कुठं."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मग उशीवर पडल्या पडल्या हात तसाच गोल गोल फिरवायला लागलात, हवेत. उजवा दमला की डावा. चार दिवस तुमचे हात फिरत होते. पाचव्या दिवशी थांबले.

तुम्हाला कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. एवढ्या हुशार बाईला शेळीची गोष्ट कधी पटली असेल का? पण मग बोलला का नाहीत? सुनेला उघडं पाडायचं नव्हतं म्हणून? असल्या मायेचं मी काय करू, सांगा ना!

तेरावं झाल्यावर मी खुंटा काढला. मास्तरांना सांगितलं, सरपणात सापडला. त्यांनी डोळे पुसले. जात्यात बसवला, आणि तेव्हापासून डाळ, हळद, मीठ मी घरीच दळत आले. भाकरीचं पीठ गिरणीचं, पण उरलेलं हातानं. आडाचं पाणी, बाजार, सगळं पायांनी. घाबरून करत होते, पण करत होते. दहा वर्षांत मला काही झालं नाही.

मग शालन आली. मांडव परतणं झालं आणि पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या हातातली घागर घेतली. "तुम्ही बसा, आत्याबाई," म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला, पण बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू? वाणीणबाई आता थकल्यात, पण जिभेनं नाही. त्यांनी ओट्यावरून हाक मारून म्हटलं, नशीब काढलंस गोदे, सासूसारखीच सून मिळाली. आणि मी बसले. एक दिवस, मग दुसरा. तुमचा तक्क्या माळ्यावर होता, शालननं उन्हात घालून, नवी खोळ शिवून मला आणून दिला. मी टेकले त्याला. वैशाखापासून कार्तिकापर्यंत टेकूनच आहे. चोळीच्या बाह्या तटतटायला लागल्या, आडाच्या दोन पायऱ्यांना धाप लागते, आणि दुपारी तांब्या रिकामा होतो.

आठ दिवसांपूर्वी मला भीती वाटली. मी म्हटलं, शालन, उद्यापासून डाळ मी दळीन. ती म्हणाली, बघू की, तुम्ही बसा. आणि आज, त्या मुंग्या बघून मी तडक जात्याशी गेले. खुंटा जागेवर नव्हता.

"शालन, खुंटा कुठाय?"

तिनं जमिनीकडं बघितलं. "दिसला न्हाय, आत्याबाई."

तिचा राग आला नाही. मला फक्त ती जमिनीकडं बघते आहे ते दिसत होतं, आणि तुम्ही उशीवरून माझ्याकडं बघत होतात ते.

मी कणगीशी गेले. शालनच्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली. झाकण बाजूला केलं आणि ज्वारीत हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. तळाशी, मागच्या बाजूला, बोटांना लाकूड लागलं.

मी तो बाहेर काढून पदरानं पुसला. पोरगी पांढरी पडली होती. "तुमास्नी कुनी सांगितलं?" म्हणाली.

"कुनी न्हाय. म्याबी तिथंच ठिवला व्हता."

तिला काही समजलं नाही. समजणार कसं? म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. आता हा कागद तिला वाचून दाखवणार आहे, जमिनीकडं बघायचा भागसुद्धा न वगळता. माझी अब्रू जाईल, जाऊ दे. तिच्यापाशी खरं बोलले तरच ती कधी तिच्या सुनेपाशी खरं बोलेल.

बार्शीला जाऊन मी निळ्या पाण्याचा रंग बघून येणार आहे. विटकरी निघाला तर निघाला. कदाचित उशीर झाला असेल, मुंग्या अजून तिथंच आहेत आणि पाणी ओतायचं मी सोडून दिलंय. पण आत्याबाई, तुम्हाला शब्द देते, ओट्यावरचा तक्क्या आज उसवून त्याचा कापूस वाती वळायला काढते. उद्या सकाळी जात्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला शालन, एका खुंट्यावर दोघींचे हात. वाणीणबाईंना काय म्हणायचं ते म्हणू दे. पुढच्या पौर्णिमेला मी एस.टी.तून आपल्या गावाच्या फाट्यावर उतरणार, आणि तिथून चार कोस पायी. पायऱ्या उतरताना मला कुणी धरणार नाही, आणि चढताना धाप लागली तर उभी राहीन, पण बसणार नाही.

पहिली मूठ तुमच्या नावानं घालीन. तुम्ही मागितली होतीत ती.

हात जोडते आणि उठते. फार वेळ बसले.

तुमची सून,
गोदा